नुसता अभ्रा

मोटर बंद झाली तेव्हा गादीमावशी खिडकीजवळच्या खाटेवरची चादर काढत होती.

मोटर म्हणजे कोपऱ्यातल्या खाटेवरची बाई. तिचं खरं नाव कागदांवर कुठेतरी असणार, पण वेड्यांच्या इस्पितळातल्या या बायकांच्या वॉर्डात ते कोणी घेत नसे. दिवसभर ती घशातून पाण्याच्या पंपासारखा बारीक घूंऽऽ असा आवाज काढत बसायची. आवाज चालू आहे तोवर खुशाल तिच्या शेजारी बसून तिचे केस विंचरावेत, ती डोळे मिटून घेई. आवाज थांबला की मात्र पळायचं. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या, हा एक नियम काही बदलला नाही.

आवाज थांबला. हातातली चादर टाकून मावशी वळली, तोवर मोटरने शेजारणीचे केस मुठीत धरून तिचं डोकं खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटलंही होतं. शेजारणीच्या कपाळातून रक्ताची धार लागली. बाकीच्या बायका भिंतीला चिकटून ओरडत होत्या. मावशीने वीसेक वर्षं जे केलं तेच आताही केलं. धावत गेली, दोन्ही हात पसरले आणि सगळं अंग मोटरवर झोकून दिलं.

मोटरने नुसता खांदा उडवला. मावशी पलीकडच्या खाटेच्या पायावर जाऊन आदळली आणि क्षणभर तिला कळेचना, आपण खाली कशा. डोक्याला ठाऊक होतं की वजन निम्म्यावर आलंय. अंगाला ते कोणी सांगितलंच नव्हतं. अंग अजून जुन्याच भरवशावर झेपा टाकत होतं.

मग गेटवरची माणसं आली. त्यांचा म्होरक्या फौजी. तो फौजेत कधीच नव्हता, मिशा तेवढ्या होत्या. त्याने मोटरला पालथी पाडली, हात पाठीमागे पिरगाळला आणि आपला गुडघा तिच्या पाठीत घातला. ती गप्प झाली होती, तरी गुडघा काढला नाही. खडू मोडावा तसा आवाज आला आणि मोटर पहिल्यांदाच माणसासारखी ओरडली. मावशी हातापायांवर रांगत तिथवर पोचली आणि फौजीचा पाय ओढू लागली.

"मावशी, व्हा बाजूला," फौजी धापा टाकत म्हणाला. "हे आता तुमच्याच्यानं होणारं काम नाही."

बरगडी मोडली होती. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं की हाड फुफ्फुसापासून केसभर लांब राहिलंय. जुळून येईपर्यंत या पाठीवर पुन्हा कोणाचा गुडघा पडला तर ही बाई जगणार नाही. फौजीने मान डोलावली, जणू दुसऱ्याच कोणाविषयी बोलणं चाललं होतं.

मावशीला गादी हे नाव वॉर्डानेच दिलेलं. एकशे अठ्ठावीस किलो वजन, दारातून आत यायची ती आडवी होऊन. एखादी बाई पिसाळली की मावशी तिला खाली घ्यायची आणि तिच्यावर आडवी पडायची. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण त्यात मोठी युक्ती होती. गळ्यावर भार द्यायचा नाही, छातीवर द्यायचा नाही, कंबर आणि मांड्या तेवढ्या दाबायच्या, तोंड एका कुशीला वळवून ठेवायचं आणि कानाशी बोलत राहायचं. काय बोलायचं? काहीही. आज पाणी गारच आलं, धाकट्या सिस्टरांनी नवी चप्पल घेतली, ती करकर वाजते. खालची बाई आधी धडपडायची, मग थरथरायची आणि शेवटी रडायला लागायची. कित्येक जणी तर तिच्याखालीच झोपून जात. पुरुषांच्या वॉर्डात नेहमी कोणाचा ना कोणाचा हात प्लॅस्टरमध्ये असे. बायकांच्या वॉर्डात वर्षानुवर्षं एक बोट मोडलं नव्हतं, आणि मावशीने कोणावर हातही उगारला नव्हता. उगारायची गरज काय? तिचं नुसतं येऊन टेकणं पुरे होतं.

पण ते वजन तिलाच गिळायला निघालं होतं. साखर वाढली, गुडघे गेले, जिन्यात मधेच बसावं लागायचं. असंच चाललं तर पन्नाशी दिसणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. मावशीने मनावर घेतलं. दोन वर्षं तोंड बांधलं, पहाटे उठून इस्पितळाच्या कुंपणाभोवती चालली आणि निम्मी होऊन दाखवलं. सगळ्यांनी अभिनंदन केलं. अभिनंदन करायला लोकांचं काय जातं.

कातडीचं मात्र कोणी बोललं नव्हतं. माणूस आत आटला आणि कातडी तेवढीच राहिली. पोटाची ओटीवर लोंबायची, एखाद्या ओल्या टॉवेलसारखी. कुशीवर निजलं की ती शेजारी वेगळी पडून राहायची. घडीत घाम साचे, लाल चट्टे उठत, वास येई. मावशी तिथे पावडर टाकून जुन्या सुती कापडाची पट्टी ठेवायची, वरून कमरेला रुंद पट्टा आवळायची आणि मग युनिफॉर्म चढवायची. दंडाची कातडी कोपरापर्यंत झुलायची. उन्हाळ्यातही तिने मनगटापर्यंत बाह्या शिवून घेतल्या होत्या. सर्जनने पेनाने पोटावर रेघ ओढून दाखवलं होतं की इथून इथपर्यंत कापावं लागेल, इतकी वर्षं ताणलेली कातडी परत जागेवर येत नसते. ऑपरेशनसाठी नंबर लागायला वेळ होता.

मोटरने तर तिला ओळखच दिली नव्हती. अंग उतरायला लागल्यावर एक दिवस केस विंचरून घेता घेता तिने विचारलं होतं, "गादी कुठे गेली?"

"मी इथेच आहे की गं."

मोटरने मान वळवून तिला नीट पाहिलं, बाही वर सारून दंडाची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि सोडून दिली. "तू गादी नाहीस. तू नुसता अभ्रा." एवढं बोलून ती पुन्हा घूं करत बसली. मावशीने ते हसण्यावारी नेलं आणि घरी जाऊन जेवली नाही.

बरगडी मोडली त्या दुपारी मोठ्या सिस्टरांनी मावशीला खोलीत बोलावलं. मोठ्या सिस्टर वाईट नव्हत्या. वॉर्ड चालवायचा तर जे लागतं ते त्यांच्याकडे होतं, आणि त्यात डोळ्यांत पाणी येणं बसत नव्हतं. त्यांनी सांगितलं की वरून पट्टे मागवलेत, खाटेला बांधायचे. ते आले की कोपऱ्यातल्या खाटेला आधी लावायचे. मावशीला धुलाई खात्यात टाकायचं ठरलंय. तिथे काम बरं असतं, कोणी मारत नाही.

मावशी उभीच राहिली. बांधलेली माणसं तिने पुरुषांच्या वॉर्डात पाहिली होती. मनगटं सोलून निघालेली, अंथरूण ओलं, आणि तोंडाने तीच ती हाक. मोटर तशी पडलेली तिच्या डोळ्यांपुढे आली.

"पट्टे येईपर्यंत मला इथे राहू द्या," ती म्हणाली. "मोटर पुन्हा बंद पडली तर मी सांभाळून दाखवते. गेटवरचं कोणी नको. जमलं तर तिला बांधू नका आणि मला हलवू नका."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मी स्वतः पट्टे आवळीन."

मोठ्या सिस्टर बरं म्हणाल्या. पण गेटवर सांगून ठेवावंच लागेल, असंही म्हणाल्या.

मावशीला एक गोष्ट त्यांना सांगायची होती, पण जीभ रेटली नव्हती. तिला फौजीपेक्षा स्वतःची भीती वाटायला लागली होती.

झालं होतं असं. मागच्या महिन्यात नणंद घरी आली होती. मावशीचा नवरा गॅरेजवाला, स्वभावाने थट्टेखोर, गाडीच्या इंजिनाशीही बोलणारा. जेवणं झाली होती, मावशी ओट्याशी भांडी घासत होती आणि त्यापायी बाह्या वर सारलेल्या होत्या. गप्पांच्या भरात तो मागून आला, तिच्या दंडाची लोंबती कातडी दोन बोटांत धरली आणि झुलवत बहिणीला म्हणाला, "बघ, बायको निम्मी झाली पण कव्हर जुन्याच गाडीचं आहे." नणंद तोंडाला पदर लावून हसली. मावशीच्या हातात तवा होता. तिने मागे वळून पाहिलंही नाही. तवा फिरवला. नवरा भुवई धरून खाली बसला, बोटांमधून रक्त गळायला लागलं, आणि मावशीने तवा दुसऱ्यांदा उचलला. नणंदेने तिचा हात धरला म्हणून, नाहीतर तो दुसरा घाव कुठे बसला असता देव जाणे.

भुवईला टाके पडले. नवऱ्याने गॅरेजमध्ये सगळ्यांना सांगितलं की फळीवरून जॅक पडला. घरी तो तिसऱ्या दिवशी म्हणाला, "माझं चुकलंच. पण तू तो दुसऱ्यांदा कशाला उचललास गं?"

त्यानंतर आठ दिवसांनी तिने चिमणीला मारलं. चिमणी म्हणजे वॉर्डातली सगळ्यांत म्हातारी, मुठीएवढी, जन्मात कोणाला त्रास न दिलेली. मावशी तिला भरवत होती. बाही सैल झाली होती आणि चिमणी बोटाने दंडाची कातडी इकडून तिकडे हलवून खुदुखुदु हसत होती, लहान मूल पडद्याची गोंड्याची दोरी हलवतं तशी. मावशीने चमचा ठेवला आणि तिच्या थोबाडीत मारली. चिमणीच्या तोंडातला घास बाहेर सांडला. तिने तो गोळा केला, परत तोंडात घातला आणि म्हणाली, "चुकलं मावशी, परत नाही हसणार."

मावशी संडासात जाऊन दाराला पाठ लावून रडली. वीसेक वर्षं आपण चांगल्या आहोत असं तिला वाटत होतं. आता संशय आला की चांगुलपणा बिंगुलपणा काही नव्हता, नुसती चरबी होती. जड होतो तोवर मारायची वेळ आली नाही, हलके झालो तशी फौजी होऊन बसलो. मोटर पुन्हा बंद पडली आणि आपला हात उठला तर? मोडक्या बरगडीची ती बाई फौजीच्या गुडघ्याने मेली काय आणि आपल्या लाथेने मेली काय.

मोटर बंद पडली ती न्हाणीघरात.

आंघोळीचा दिवस होता. आत वाफ होती, फरशी साबणाने बुळबुळीत झालेली. न्हाणीघरात लांब बाह्या चालत नाहीत, म्हणून मावशीने वरचा युनिफॉर्म काढून खुंटीला टांगला होता आणि आतल्या बिनबाह्यांच्या झग्यावर ती काम करत होती. तेवढ्याचसाठी तिला आंघोळीचा दिवस नकोसा व्हायचा. मोटर स्टुलावर बसली होती, बरगडीवर पट्टी, आणि मावशी पट्टी वाचवून तिच्या पाठीवर पाणी घालत होती. घूं चालू होतं. मग ते नव्हतं.

धाकट्या सिस्टर दारातून बाहेर पळाल्या आणि गेटकडे ओरडल्या. बाकीच्या बायका ओल्या अंगाने त्यांच्यामागे. मोटर उठली. या वेळी तिने कोणाला धरलं नाही. ती वळली आणि स्वतःचं कपाळ समोरच्या फरशीच्या भिंतीवर आपटलं. पांढऱ्या फरशीवर लाल ठसा उमटला. तिने मान मागे घेतली.

मावशीचं अंग झेप घ्यायला आवळलं गेलं आणि तिने ते जागच्या जागी आवरलं. झेप घेऊन उपयोग नव्हता. उजवा हात मुठीत वळला होता, तोही तिला दिसला. एक जोरदार ठोसा कानशिलात, बाई गप्प पडेल, सगळे म्हणतील जमलं. तिने मूठ उघडली. पाठ भिंतीला घासत ती मोटरच्या आणि भिंतीच्या मधे शिरली आणि मोटरचं कपाळ भिंतीऐवजी मावशीच्या छातीच्या हाडावर आदळलं.

श्वासच गेला. मोटरला भिंत सापडेना तेव्हा तिने समोरच्या माणसाला फाडायला घेतलं. दोन्ही हातांत मावशीच्या दोन्ही दंडांची कातडी आली, मुठी भरभरून. तिने पिरगाळली. ओढली. मावशीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, घशातून जनावराचा आवाज निघाला. पण ती पडली नाही. मोटर जितकं ओढायची तितकी कातडी लांबत जायची, आणि हिसक्याचा जोर त्या लांबण्यात जिरून जायचा. आतलं हाड जागचं हलत नव्हतं. भरल्या दंडाला धरून एवढं ओढलं असतं तर दोघी त्या बुळबुळीत फरशीवर कोसळल्या असत्या आणि मोडकी बरगडी आत गेली असती. मोटर डावीकडे झुकली, मावशी उभी. उजवीकडे झुकली, मावशी उभी. मग मोटरने तोंड खाली नेलं आणि उजव्या दंडाच्या झोळात दात रोवले.

तेवढ्यात फौजी आत आला, मागे दोघं. त्याच्या हातात काठी होती. त्याने एक घाव घातलाही, मोटरच्या मनगटावर मारलेला, पण तो मावशीच्या कोपरावर बसला.

"मागे हो," मावशी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"मावशी, लचका तोडतेय ती तुमचा."

"तोडू दे. तिच्या मुठी भरल्यात, दिसत नाही तुला? मुठी भरलेल्या असल्यावर ती मारणार कशानं? तू मागे हो."

मोठ्या सिस्टर दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी फौजीच्या काठीवर हात ठेवला.

मावशीने तोंड मोटरच्या ओल्या केसांजवळ नेलं आणि बोलायला लागली. आज पाणी चांगलं कढत आलंय. धाकट्या सिस्टरांची चप्पल तुटली, बरं झालं, फार करकरायची. रक्त तिच्या कोपरावरून ठिबकत होतं आणि साबणाच्या पाण्यात गुलाबी होऊन मोरीकडे जात होतं. दात सैल पडले. मुठी मात्र तशाच होत्या. मोटरने गाल त्या चावलेल्या दंडावर टेकवला आणि तक्रार करावी तसं म्हणाली, "गादी, कुठे मेली होतीस?"

"इथेच होते बाई."

बऱ्याच वेळाने घूं सुरू झालं. आधी अडखळत, मग सलग. फौजीने मुठी सोडवू का, असं खुणेने विचारलं. मावशीने नकारार्थी मान हलवली. आत्ताच लागलीय, चालू दे, म्हणाली.

दंडाला टाके पडले. चाव्यात पू झाला, ताप चढला, मावशी दोन आठवडे घरी होती. दोन्ही हातांवर बोटांचे डाग आधी काळे, मग जांभळे, मग पिवळे होत गेले. पट्टी बदलायचं काम नवऱ्याने आपणहून घेतलं. वजन उतरल्यापासून ती त्याच्यासमोर दिवा मालवूनच कपडे बदलत असे. आता भर दुपारच्या उजेडात हात पुढे करून बसावं लागलं. त्याच्या भुवईवर पांढरी रेघ होती. तो ग्रीसच्या बोटांनी फार हळू काम करत होता.

"पोटाचं कापणारच आहेत," तो म्हणाला. "त्याबरोबर हातांचंही सांग ना. पुन्हा कोणाच्या हाताला लागणार नाही."

"हातांचं नको."

"का गं?"

"लागतील."

त्याने पट्टीची गाठ मारली आणि दंडाची सैल कातडी खालून तळव्यावर उचलून नीट उशीवर ठेवली.

ती कामावर गेली तेव्हा मोठ्या सिस्टर स्वतः गेटपर्यंत आल्या होत्या. मावशीला चेहऱ्यावरूनच कळलं.

"तुम्ही करून दाखवलंत, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "वरच्यांनी फक्त टाके पाहिले. वॉर्डात नोकरमाणसं फाडली जातात, असं त्यांचं म्हणणं झालं. मी भांडले."

पट्टे आले होते. मावशी वॉर्डाकडे न जाता सरळ मागच्या इमारतीत गेली.

धुलाई खात्यात खरंच कोणी मारत नव्हतं. दोन मोठी मशिनं, वाफेने ओल्या झालेल्या भिंती, आणि एक इस्त्रीवाला बाबा, ज्याला कमी ऐकू यायचं म्हणून तो सगळ्यांशी ओरडून बोलायचा. वॉर्डातल्या चादरी यायच्या, अभ्रे यायचे. मावशी ते उलटे करून झटकायची, मशिनात घालायची, काढायची. उकाडा इतका की तिने बाह्या कापून टाकल्या. बाबाने एकदा दंडांकडे पाहिलं, जखमेकडे पाहिलं आणि ओरडून विचारलं की कुत्रं चावलं का. ती नाही म्हणाली, आणि त्याला ते पुरलं. पोटाच्या ऑपरेशनची तारीख आली होती. घाम आला तरी आता तिला पूर्वीइतकी लाज वाटत नव्हती. तिला फक्त वॉर्डाची आठवण यायची, आणि ती सहन होत नव्हती.

एका सकाळी चादरींच्या ढिगात पट्टे आले. जाड कॅनव्हासचे, चार बोटं रुंद, बकलासकट. तिने ते बाजूला काढले. तीन नुसते मळके होते. चौथ्याची कड दातांनी कुरतडून दशा निघाल्या होत्या आणि तिथे तपकिरी डाग पडला होता. दातांची ओळ स्पष्ट उमटली होती, मधे एक दात नव्हता. मावशीने उजवा हात वळवून दंड वर केला आणि पट्टा त्याच्याशेजारी धरला. जखमेच्या वणातही त्याच जागी एका दाताची खूण नव्हती.

तिने ते पट्टे मशिनात टाकले नाहीत. मशिनात कॅनव्हास आकसतो आणि कड आणखी राठ होते. बादलीत कोमट पाणी घेतलं, साबण घेतला आणि खाली बसून ती एकेक पट्टा हाताने धुऊ लागली. डाग निघाला. मग ती कडा चोळत बसली. दोन्ही अंगठ्यांनी, पुढून मागे, मागून पुढे, कडा नरम पडेपर्यंत. मागे मशीन घूं करत चाललं होतं. बाबा इस्त्री ठेवून चहाला गेला. अंगठ्यांची सालं निघाली तरी ती थांबली नाही.

मशीन थांबलं.

बादली कलंडली. मावशी उभी राहिली होती, पाठ भिंतीला, दोन्ही हात पुढे पसरलेले. खोलीत कोणी नव्हतं. चादरींची वाफ तेवढी वर जात होती. तिचे हात बराच वेळ तसेच पुढे राहिले, दंडांची कातडी खाली लोंबत होती.

"काय झालं मावशी?" दारातून बाबाने ओरडून विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. खाली बसली आणि चौथा पट्टा पुन्हा मांडीवर घेतला.